दोन जावा, दोन टीव्ही

मंदाबाईंच्या जिभेला हाड नाही, असं आष्टीत सगळेच म्हणतात. त्यांच्या धाकट्या जावेला, सुलोचनेला विचाराल तर ती म्हणेल, हाड आहे, आणि ते इतकी वर्षं माझ्याच घशात अडकलंय.

पण त्या दिवशी मंदाबाईंच्या जिवाला घोर लागला. तोही पोटच्या पोराच्या फोनमुळे. धीरज सावंगीला मोठ्या दवाखान्यात कंप्युटरवर कामाला आहे आणि तिथेच मित्रांबरोबर खोली करून राहतो. सकाळीच त्याचा फोन आला.

"आई, रविवारी येऊन राह्यलो. मले एक डब्बा टीव्ही पायजे, जुने गेम खेळाले. तुह्यावालाबी पाहतो, काकूचाबी पाहतो. जो जमन तो नेतो."

"काकूचा कायले पाहतं?"

"पाहाले काय जाते आई?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पाहायला काय जातं! मंदाबाईंचं सगळंच जात होतं. जन्मभर ज्या निकालाची वाट पाहिली तो निकाल आता लागणार होता, आणि देणारा त्यांचाच लेक होता. त्यानं आपला टीव्ही उचलला तर सुलोचनेचं नाक कापलं जाणार. तिचा उचलला तर... पुढचं मंदाबाईंनी मनातसुद्धा येऊ दिलं नाही. त्या उठल्या आणि काहीच कारण नसताना नवऱ्यावर ओरडल्या.

हे वैर समजायचं तर आंदण काय असतं ते माहीत पाहिजे. मुलीच्या लग्नात बाप जी भांडीकुंडी, पलंग, कपाट देतो ते गुपचूप गाडीत भरून देत नाहीत. ते मांडवात ओळीनं मांडतात, आणि सगळं वऱ्हाड त्याच्यापुढून चालत जातं. कपाटाचं दार उघडून बघतं, पातेल्यावर टिचकी मारून बघतं आणि माहेरची लायकी ठरवतं. मंदाबाई आर्वीच्या. त्यांच्या बापानं आंदणात रंगीत टीव्ही मांडला तेव्हा वऱ्हाड पातेल्यांवर टिचक्या मारायचं विसरलं होतं. आष्टीच्या त्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तो मंदाबाईंच्या पाठोपाठ. सासू शेजारणींना बोलावून दाखवायची. मंदाबाईंच्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस.

मग धाकट्या दिराचं, प्रभाकररावांचं लग्न झालं. सुलोचना आली हिंगणघाटहून, आणि तिच्या आंदणातही टीव्ही होता. मोठा, सपाट काचेचा, दोन बाजूंना दोन स्पीकर आणि वर रिमोट. मंदाबाईंच्या टीव्हीला तर उठून जाऊन बटण दाबावं लागायचं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तशातली गत. तरी मंदाबाईंनी ते गिळलं असतं, पण सासूनं एके संध्याकाळी दोन्ही टीव्हींवर एकच मालिका आलटून पालटून पाहिली आणि निवाडा दिला.

"मोठीच्या टीव्हीत माणसं आजारी दिसतेत वं. धाकटीच्या टीव्हीत कसे, लग्नाले निंगाल्यासारखे दिसतेत!"

"दिसन्यावर नोका जाऊ आत्याबाई," मंदाबाई म्हणाल्या, "टिकन्यावर जा."

तिथून दोघींची वाटणी झाली. चित्र सुलोचनेचं, टिकणं मंदाबाईंचं. आणि खरं सांगायचं तर मंदाबाईंचं खोटं नव्हतं. सुलोचनेचा टीव्ही पावसाळा लागला की आजारी पडायचा. कधी सगळं चित्र मिटून मधोमध एक पांढरी रेघ उरायची, कधी आवाज यायचा आणि चेहरा गायब. मग कवडू मिस्तरीची सायकल सुलोचनेच्या दारात लागायची. ती सायकल दिसली की मंदाबाईंना जेवण गोड लागायचं. त्या मुद्दाम बाहेर येऊन तांदूळ निवडत बसायच्या आणि मोठ्यानं विचारायच्या, "काऊन कवडूभाऊ, आलं का पुन्हा सलाईन लावाले?"

त्यांच्या स्वतःच्या टीव्हीच्या पाठीचे स्क्रू मात्र कवडूनं कधी पाहिले नाहीत. टीव्हीसाठी त्यांनी दारं असलेलं सागवानी कपाट करून घेतलं होतं आणि त्याची किल्ली कमरेला असायची. बातम्या झाल्या, एक मालिका झाली की बंद. मध्येच उठून त्या टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायच्या. गरम लागला की मालिका अर्धी राहिली तरी बंद. स्टॅबिलायझरचा काटा जरा थरथरला की बंद. आष्टीची वीज कशी आहे हे सांगायला नको, तेव्हा तो काटा थरथरला नाही असा दिवस नव्हता. त्यांचे यजमान सदाशिवराव बिचारे दोघा भावांच्या किराणा दुकानातून दमून येत आणि बंद कपाटाकडे पाहत चहा पीत. बाईच्या हाती किल्ली गेली की पुरुषानं काय बोलायचं!

सुलोचनेकडे उलटं. तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही चालू. बघायला कोणी असो नसो. गल्लीतली पोट्टी मांडी घालून बसलेली, खाली चिवडा सांडलेला, रिमोटला रबर बांधलेलं.

गच्चीवरचा अँटिना तेव्हा दोघींचा एकच होता. एकाच वायरचे दोन फाटे केलेले, त्यामुळे दोन्हीकडे चित्र जरा मुंग्यांचं यायचं. क्रिकेटचा मोठा सामना होता, सुलोचनेकडे अर्धी गल्ली जमली होती, आणि ऐन वेळी तिचं चित्र गेलं. वर जाऊन पाहिलं तर तिच्याकडे जाणारी वायर तुटलेली. "माकडांनी तोडली असन," मंदाबाई खालून म्हणाल्या. आष्टीत माकडं काय कमी आहेत? पण सुलोचनेनं वायरचं सफाईनं कापलेलं टोक सगळ्यांना दाखवलं. "माकडाच्या हातात पकड कवापासून आली जाऊबाई?" त्यावरून जी तोंडं सुटली ती सुटली. बायकांचं भांडण पुरुषांवर गेलं, पुरुषांचं दुकानावर गेलं आणि महिनाभरात घरामध्ये भिंत उभी राहिली. भाऊ-भाऊ वाटण्यांनी वेगळे होतात. हे दोघे टीव्हीच्या वायरीनं झाले.

भिंत झाल्यावर मंदाबाईंनी सुलोचनेचा उंबरठा ओलांडला नाही. धीरज मात्र ओलांडत होता, आणि ओलांडायला त्यांनीच लावलं होतं. ते असं झालं. सदाशिवरावांनी नागपूरहून पोरासाठी टीव्हीला लावायचा गेम आणला. त्या काळात सगळीकडे एक बोलणं होतं, की गेमनं पिक्चर ट्यूब जळते. कोणी सांगितलं, कुठे जळली, कोणाला माहीत नाही; पण सगळ्यांना ठाऊक. मंदाबाईंनी गेम आपल्या कपाटाजवळ फिरकू दिला नाही. पोरगं रडायला लागलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात ती युक्ती आली. त्यांनी गेमचा डबा पोराच्या हातात दिला, त्याचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जा, काकूकडे जाऊन खेळ. खूप खेळ. अंधार पडेस्तोवर येऊ नोको."

शत्रूची ट्यूब जाळायला त्यांनी पोटचा गोळा पाठवला. आता हसा नाहीतर रडा. पोरगं रोज शाळेतून आलं की दप्तर टाकून भिंतीपलीकडे जायचं, आणि मंदाबाई रोज कान देऊन बसायच्या, की आज जळते का उद्या. ट्यूब काही जळली नाही. शाळा संपली, कॉलेज झालं, घरोघर पाटीसारखे पातळ टीव्ही आले, डब्बे भंगारात गेले. या दोघींनी मात्र आपापले डब्बे सोडले नाहीत. कोण आधी सोडते हेच तर पाहायचं होतं.

रविवारी सकाळी मंदाबाईंनी टीव्ही असा पुसला, जसं नवरीला न्हाऊ घालावं. काच लखलखत होती. अंगावर एक चरा नव्हता, कंपनीचं स्टिकरसुद्धा तसंच. सदाशिवराव म्हणाले, "दोन्हीबी चांगलेच हायेत म्हणा." त्या म्हणाल्या, "तुम्ही दुकानात जा." ते घरातच बसले, पण गप्प बसले.

धीरज मित्राची गाडी घेऊन आला. पिशवीतून त्यानं गेमची पेटी आणि तारा काढल्या, कपाटापुढे उभा राहिला आणि मागे वळून विचारलं, "लावू काय आई?"

"लाव ना. तुह्याचसाठी ठेवला हाये."

चित्र आलं आणि धीरज मागे सरकून बघायलाच लागला. रेषा सरळ, कोपरे जागच्या जागी, लाल रंग कुठे सांडत नाही, काळं ते काळं. त्यानं बटण दाबलं की पडद्यावरचा बाहुला त्याच क्षणी उडी मारत होता. "पाहा बाबा," तो म्हणाला, "नवीन टीव्हीवर हा जरासा उशिरा उडते. तेवढ्यात मेला ना तो! डब्ब्यावर तसं नाई. आन हा त एकदम कडक हाये. नवाच हाये."

मंदाबाईंची छाती फुगली. आजारी माणसं म्हणे! आत्याबाई आज असत्या तर त्यांना समोर बसवलं असतं.

धीरज खुर्चीवर ताठ बसून थोडा वेळ खेळला. मग बटण बंद केलं, काचेवर आपलं बोट लागलं होतं ते रुमालानं पुसलं आणि उठला. "चाल, आता काकूचा पाहतो."

"आता काय राह्यलं पाहाचं?"

"सांगतलं होतं ना तुले." तो तारा गुंडाळत बाहेर पडला.

मंदाबाई दोन मिनिटं आतल्या आत धुमसल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि इतक्या वर्षांनी तो उंबरठा ओलांडला.

"या जाऊबाई," सुलोचना म्हणाली. "रस्ता चुकल्या काय?"

"पोट्ट्याच्या मागं आली. तुह्यासाठी नाई आली."

"ते समजलं. बसा."

मंदाबाई बसल्या नाहीत. त्यांना टीव्ही बघायचा होता, आणि टीव्ही बघून त्यांच्या जिवाला गारवा आला. काय ती दशा! एका स्पीकरची जाळी गेलेली, बटणांच्या जागी भोकं. चित्र यायलाच वेळ लागला, आणि आलं ते वाकडं, कमरेत लचकलेलं. उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग, खाली रेषा थरथरत होत्या. हेच ते लग्नाला निघालेले लोक! इतकी वर्षं वरातीत नाचून नाचून त्यांचा जीव गेला होता.

धीरजनं कोणाला काही विचारलं नाही. तो टीव्हीजवळ गेला, डाव्या बाजूला खाली तळहातानं एक थापटी मारली आणि चित्र सरळ उभं राहिलं. मग तो मिशीवाला, नोकरीवाला पोरगा जमिनीवर पालथा पडला, छातीखाली उशी घेतली आणि खेळायला लागला. सुलोचनेनं न विचारता चिवड्याची ताटली त्याच्या कोपराशी ठेवली. तोही न बघताच त्यात हात घालत होता.

"काकू, पाहा पाहा, आला तो!"

"डावीकडून घे ना बह्याडा! डावीकडून! मेलास पाय!"

दोघं मोठ्यानं हसली. मंदाबाई दाराशी उभ्या होत्या. सुलोचनेला गेम येत होता. कुठे उडी मारायची, कुठे थांबायचं, सगळं येत होतं. पोरगं ट्यूब जाळत बसलंय असं भिंतीपलीकडे आपण समजत होतो तेव्हा ही बया त्याच्याशेजारी बसून खेळत होती, हे मंदाबाईंना आत्ता कळलं, आणि त्यांच्या अंगाची आग आग झाली. असं हसताना धीरज त्यांना आपल्या घरात आठवेना.

"झालं काय?" त्या करवादल्या. "पाह्यला ना खटारा? तो डाग पाय, त्या रेघा पाय. थापटी मारल्याशिवाय उभा राहत नाई. माह्यावाला एकदाबी, एकदाबी मिस्तरीकडे गेला नाई!"

"कोनाड्यातली चप्पल झिजत नसते जाऊबाई," सुलोचना म्हणाली.

"तू गप राह्य! माह्या लेकाशी बोलून राह्यली मी."

धीरजनं गेम थांबवला आणि उठून बसला. "आई, तुह्यावाला चांगला हाये. चित्रात चांगला हाये, टिकाले चांगला हाये. कोणालेबी विचारशीन त तोच म्हणन."

"मंग उचल ना तो!"

"मले हा पायजे."

"काऊन?"

धीरज जरा घुटमळला. त्याला आईला दुखवायचं नव्हतं. पण दुसरं काही सुचेना म्हणून तो खरं तेच बोलला. "मी याच्यावरच खेळलो ना आई. याचा डागबी मले माहीत हाये, कुठी थापटी मारा लागते तेबी. तुह्यावाल्यावर मी कधी काही पाह्यलंच नाई."

मंदाबाई सुलोचनेकडे बघत राहिल्या. आता ती हसणार, आता गल्लीभर सांगणार, असं वाटून त्यांनी दात आवळून धरले.

सुलोचना हसली नाही. ती टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली. "हा मी देत नाई," ती म्हणाली.

"काकू?"

"तुह्या आईचा ने."

"अवो काकू, तुमाले त दुसरा घेऊन देतो मी. मोठा, नवीन."

"दुसरा घेऊन मी काय करू? तू आष्टीले आला की पह्यले इकडे येतं, याच्यासाठी येतं. हा गेला त कायले येशीन? तिकडे त तुही आई हाये. इकडे तुहं काय राहन मंग?" तिचा आवाज बसला आणि तो लपवायला ती मंदाबाईंवर उसळली. "आता खुश व्हा जाऊबाई! पोरानं तुमचाच पसंत केला म्हून सांगा साऱ्या आष्टीत. मी नाई काही म्हणत. तोंड नाई उघडत मी. जा!"

म्हणजे विजय मिळाला, पण उष्ट्या ताटासारखा पुढे सरकवून मिळाला. मंदाबाईंना वाटलं की म्हणावं, देऊन टाक त्याला तुझा. शब्द ओठापर्यंत आले. पण सुलोचनेपुढे पदर पसरायचा म्हणजे काय जीव द्यायचा? त्या तरातरा निघून आल्या.

धीरजनं थोडा वेळ काकूची मनधरणी केली. ती ऐकेना. मित्रांना टीव्ही आणतो म्हणून सांगून आला होता, गाडीही परत द्यायची होती, तेव्हा शेवटी तो आईच्या कपाटापुढे आला. "मंग हाच नेतो," तो म्हणाला. त्या 'मंग'नं मंदाबाईंच्या काळजात कळ उठली. बापलेकांनी दोन बाजूंनी टीव्ही धरला. त्या काचेचं वजन म्हणजे गव्हाचं पोतं. धापा टाकत त्यांनी तो दाराबाहेर काढला आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला.

समोर बंडूजींची पिठाची चक्की. रविवार असल्यानं दळणाला बायकांची रांग होती. बंडूजींना या दोन टीव्हींची कथा आपल्या घरच्यासारखी पाठ. कितीतरी वेळा त्यांनी त्यावर पैजा लावल्या होत्या. त्यांनी चक्की बंद केली, अंगावरचं पीठ झटकलं आणि रस्त्यातूनच ओरडले.

"काय मंदाबाई! शेवटी पोट्ट्यानं तुमचाच पसंत केला म्हणा!"

रांगेतल्या बायका वळल्या. सुलोचना आपल्या दारात उभी होती. तिनं तोंड उघडणार नाही म्हटलं होतं आणि ती खरंच गप्प होती. मंदाबाईंना फक्त "हो" म्हणायचं होतं. त्या एका शब्दासाठी त्यांनी जन्म काढला होता. धीरज गाडीचं दार धरून आईकडे बघत होता. तोही काही बोलणार नव्हता.

"नाई," मंदाबाई म्हणाल्या.

"आँ?"

"बहिरे झाले काय बंडूजी पिठानं? नाई म्हटलं. त्याले हिचा पायजे होता. हिनं देला नाई, म्हून माह्यावाला नेऊन राह्यला." त्या भांडायच्या आवाजातच बोलत होत्या, दुसरा आवाज त्यांच्याजवळ नव्हता. "मी माह्या टीव्हीले जपत बसली, आन माह्या पोट्ट्याले हिनं जपलं. आता पुसा, अजून काय पुसाचं हाये!"

बंडूजी जाऊन चक्कीचं बटण शोधायला लागले. सुलोचनेनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"आन तू काय पाहून राह्यली?" मंदाबाई तिच्यावर खेकसल्या. "दिवाळीत पोट्टा इकडेच येईन तुह्याकडे. तो खटारा जित्ता ठेवजो तवपर्यंत. त्या कवडूले बलाव आन दाखव."

एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि त्यांनी दार दाणकन लावून घेतलं.